एस. एम. जोशी

श्रीधर महादेव जोशी (१२ नोव्हेंबर १९०४ – १ एप्रिल १९८९) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते, राष्ट्र सेवा दलाचे संघटक आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते. महाराष्ट्रात ते एसेम या नावानेच ओळखले गेले. आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी विरोधी पक्षात काढली. १९७७ मध्ये स्वतंत्र भारतात पहिल्यांदा केंद्रातील सत्ताधारी पक्ष बदलला, आणि १९७८ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदाच काँग्रेसबाहेरचे पक्ष मंत्रिमंडळात बसले. या दोन्ही घटनांत त्यांचा वाटा मोठा होता. मात्र कोणतेही मंत्रिपद त्यांनी स्वीकारले नाही. त्यांच्याच प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या सरकारच्या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला, तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीला पोहोचलेले एसेम लोकप्रियता पणाला लावून नामांतराच्या बाजूने उभे राहिले.

बालपण व शिक्षण

जोशी घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील गोळप येथील. श्रीधर यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे झाला. वडील न्यायालयात नोकरीला होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने कुटुंबाला ओढगस्तीचे दिवस आले. शिक्षणासाठी श्रीधर पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूल व पुढे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पदवीनंतर त्यांनी कायद्याची परीक्षाही दिली. पण वकिली हा त्यांचा व्यवसाय कधी झाला नाही.

महाविद्यालयीन दिवसांतच ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. हे मित्रमंडळ पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्राच्या समाजवादी चळवळीचा कणा ठरले. यूथ लीग ही तरुणांची संघटना त्यांनी पुण्यात चालविली. त्या काळच्या पुण्यात राष्ट्रीय बाण्याचे तरुण पुष्कळ होते. राजकीय स्वातंत्र्याबरोबर सामाजिक समतेचाही आग्रह धरणारे मात्र थोडे. एसेम त्या थोड्यांपैकी होते.

पर्वतीचा सत्याग्रह

१९२९ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पर्वती टेकडीवरील देवस्थान अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याचे पुढारी होते. काही सवर्ण तरुणही त्यात सामील झाले. त्यांत एसेम व गोरे होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, मारहाण झाली. मंदिराचे दरवाजे त्या वेळी उघडले नाहीत. एसेम तेव्हा पंचविशीत होते. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत पुष्कळदा एका परिच्छेदात आटोपला जातो. परंतु पन्नास वर्षांनी मराठवाड्यात त्यांनी जी भूमिका घेतली तिचे मूळ येथे आहे.

स्वातंत्र्यलढा व सेवा दल

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत एसेम यांना तुरुंगवास घडला. १९३२–३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, गोरे आदी मंडळी एकत्र आली. तेथील चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली आणि १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला. जयप्रकाशांशी जुळलेले नाते एसेम यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत टिकले.

४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली आणि एसेम दलप्रमुख झाले. शाखा, खेळ, कवायत, अभ्यासमंडळे आणि कलापथके असा दलाचा संसार होता. मुले व मुली, सर्व जाती व सर्व धर्म यांना एकाच मैदानावर आणण्याचा हा प्रयत्न होता. गावोगावच्या शिक्षकांनी या शाखा चालविल्या. दलातून तयार झालेले कार्यकर्ते पुढे शाळा, कामगार संघटना, सहकारी संस्था आणि विधिमंडळ अशा सर्व ठिकाणी दिसतात.

१९४२ च्या आंदोलनात एसेम भूमिगत झाले. दाढी राखून, मुसलमानी वेष घेऊन आणि इमाम अली हे नाव धारण करून ते वावरत असत. १९४३ मध्ये मुंबईत ते सहकाऱ्यांसह पकडले गेले आणि त्यानंतरची सुमारे तीन वर्षे तुरुंगात गेली.

१९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले. सत्ता समोर असताना विरोधी बाकांचा रस्ता धरण्याचा तो निर्णय होता आणि तो किती लांबचा रस्ता आहे याची कल्पना त्यांच्यापैकी फार थोड्यांना असावी. समाजवादी पक्ष, प्रजासमाजवादी पक्ष, संयुक्त समाजवादी पक्ष, पुन्हा समाजवादी पक्ष अशी फुटीची व जुळणीची लांबलचक मालिका पुढे चालली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद एसेम यांच्याकडे आले. या मालिकेचा तपशील सामान्य वाचकाला कंटाळवाणा वाटतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

संयुक्त महाराष्ट्र समिती

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष आणि एसेम सरचिटणीस झाले. समितीत कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, प्रजासमाजवादी होते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. शिवाय आचार्य अत्रे यांच्यासारखा वादळी वक्ता व संपादक होता. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे लोक एका व्यासपीठावर टिकवून ठेवणे हे सरचिटणिसाचे मुख्य काम होते. एसेम यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, कारण स्वतःसाठी त्यांना काही नको आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

चळवळीत शंभराहून अधिक माणसे गोळीबारात मृत्युमुखी पडली होती. अशा संतप्त वातावरणातही आंदोलन शांततेच्या चौकटीत राहावे असा एसेम यांचा आग्रह होता. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने वाटेवर प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेने पार पडली. समितीच्या संघटनशक्तीची ती मोठी परीक्षा होती.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. एसेम पुण्यातून विधानसभेवर निवडून आले. तरीही द्विभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा येथून तिला पुरेसे बळ मिळाले. मराठवाड्याचे राजकारण वेगळ्या इतिहासातून घडले होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने तेथे मुक्तीचा लढा दिला होता. जालना, अंबड, भोकरदन या भागांत काँग्रेस म्हणजे मुक्तिसंग्रामाचा वारसा, अशी भावना दीर्घकाळ होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

राज्य मिळाले आणि समितीचे बळ ओसरले. प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला. त्यावरून एसेम यांच्यावर, विशेषतः अत्रे यांच्याकडून, प्रखर टीका झाली. १९६२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. १९६७ मध्ये उत्तर भारतातील अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, पण महाराष्ट्रात तिने २७० पैकी २०३ जागा राखल्या. १९७२ मध्ये तर २२२ मिळविल्या. एसेम १९६७ मध्ये पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९७१ मध्ये तेथेच पराभूत झाले. एक चळवळ जिंकूनही सत्तांतर न घडविता आलेल्या विरोधी पक्षांचे चित्र या आकड्यांत स्पष्ट दिसते.

१९७७ चे सत्तांतर

नव्या प्रजासत्ताकात सत्तेवरचा पक्ष निवडणुकीने पहिल्यांदा बदलतो, तेव्हा त्या व्यवस्थेची खरी कसोटी लागते. हरलेला पक्ष खुर्ची सोडेल का, जिंकलेला पक्ष सूड उगवील का, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत हा प्रसंग १८०१ मध्ये आला. जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाकडून सत्ता थॉमस जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे गेली. निवडणूक अत्यंत कडवट झाली होती आणि ॲडम्स शपथविधीला न थांबता पहाटेच राजधानीतून निघून गेले. पण सत्ता रक्तपाताविना हस्तांतरित झाली. तेथे राज्यघटना अमलात येऊन तेव्हा १२ वर्षे झाली होती. भारताला या प्रसंगासाठी २७ वर्षे थांबावे लागले, आणि तो आणीबाणीतून यावा लागला.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. या काळात विरोधी पक्षांचे विलीनीकरण घडवून आणण्याच्या ज्या चर्चा झाल्या त्यांत एसेम सहभागी होते. विरोधकांनी एकत्र आल्याशिवाय काँग्रेसला पर्याय नाही हे ते समितीच्या दिवसांपासून जाणत होते. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा झाली आणि २३ जानेवारीला जनता पक्ष स्थापन झाला. त्यात संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ व समाजवादी पक्ष होते. महाराष्ट्रातील जनता पक्षाचे अध्यक्षपद एसेम यांच्याकडे आले.

मराठवाड्याची जमीन तोवर बदलली होती. १९७२ च्या दुष्काळाने खेडी मोडली होती. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन उभारले होते आणि मुक्तिसंग्रामातील ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ त्याच्या पाठीशी होते. काँग्रेस म्हणजे मुक्तिसंग्राम हे समीकरण नव्या पिढीला पटेनासे झाले होते. १९७७ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मतदारसंघातून समाजवादी बापू काळदाते निवडून आले. शेजारच्या जालना मतदारसंघात १९७१ मध्ये काँग्रेसचे बाबूराव काळे विजयी झाले होते. तेथे आता जनसंघाच्या परंपरेतील पुंडलिक हरी दानवे जिंकले. दोघांचेही चिन्ह एकच होते, भारतीय लोकदलाचा नांगरधारी शेतकरी. एरवी सेवा दल आणि संघ यांच्या शाखा एकमेकींना पाठ करून भरत. त्या वेळी दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकाच चिन्हासाठी मते मागितली. जनता पक्षाची ताकद यात होती, आणि दोन वर्षांनी दिसलेला तडाही यातच होता.

महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या. जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्टांना ३ आणि रिपब्लिकन पक्षाला १ जागा मिळाली. उत्तर भारतात काँग्रेसचा जसा सफाया झाला तसा येथे झाला नाही. परंतु विरोधकांच्या बेरजेने काँग्रेसला मागे टाकले ही महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट होती. २१ मार्चला आणीबाणी उठली, २२ मार्चला इंदिरा गांधींनी राजीनामा दिला आणि २४ मार्च १९७७ रोजी मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

पुलोदची स्थापना

नव्या केंद्र सरकारने काँग्रेसच्या ताब्यातील ९ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करविल्या. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे येथील निर्णय १९७८ वर गेला. दरम्यान शंकरराव चव्हाण यांच्या जागी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस देशभर दुभंगली. २५ फेब्रुवारीच्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष जनता. पण बहुमत कोणालाच नाही. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेसनी मार्चमध्ये हातमिळवणी केली. वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. हे लग्न पहिल्या दिवसापासून कुरबुरीचे होते.

जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन चालू असतानाच मंत्री शरद पवार सुमारे ४० आमदारांसह बाहेर पडले आणि सरकार कोसळले. आता जनता पक्षापुढे प्रश्न उभा राहिला. ९९ आमदारांच्या पक्षाने मुख्यमंत्रिपदाचा हट्ट धरावा, की चाळिसांच्या गटाच्या नेत्याला ते द्यावे? जनता पक्षाचे विधिमंडळातील नेते उत्तमराव पाटील हे ज्येष्ठ होते आणि त्यांचा दावा साहजिक होता. एसेम यांनी पवारांच्या नेतृत्वाला मान्यता देण्याच्या बाजूने वजन टाकले. १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, सरकार शपथबद्ध झाले. मुख्यमंत्री अवघे ३७ वर्षांचे होते.

या निर्णयाबद्दल तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. वसंतदादांच्या समर्थकांनी पवारांचे बाहेर पडणे हा विश्वासघात मानला आणि तो आरोप राज्याच्या राजकारणात दीर्घकाळ गाजत राहिला. पक्षांतरबंदीचा कायदा तोवर झालेला नव्हता. तो १९८५ चा. तरीही आयुष्यभर साधनशुचितेचा आग्रह धरलेल्या नेत्याने पक्ष फोडून आलेल्या गटाला हात दिला, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही खटकली. दुसरी बाजू अशी मांडता येते की मतदाराने सर्वाधिक जागा ज्या पक्षाला दिल्या तो विरोधात बसला होता, आणि परस्परांविरुद्ध मते मागितलेले दोन पक्ष राज्य करीत होते. काँग्रेसची अखंड सत्ता मोडण्याची संधी तीस वर्षांत एकदाच आली होती. एसेम यांनी ती घेतली. निर्मळ सत्तांतर मात्र ते नव्हते, हे मान्य करावे लागते.

मंत्रिमंडळात सदानंद वर्दे, भाई वैद्य, निहाल अहमद हे समाजवादी, हशू अडवाणी व उत्तमराव पाटील हे जनसंघाच्या परंपरेतील, तर गणपतराव देशमुख आणि एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते आले. यांतील पुष्कळांनी उभे आयुष्य मोर्चे काढण्यात घालविले होते. आता मोर्चे त्यांच्या दारावर येऊ लागले. एसेम सरकारबाहेर राहिले.

नामांतराचा प्रश्न

सरकार स्थापन होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून बाबासाहेबांनी मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया घातला होता. विद्यापीठ त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी आले. मागणी दलित विद्यार्थी संघटनांची जुनी होती आणि ठरावाला सभागृहात फारसा विरोध झाला नाही.

विरोध रस्त्यावर आला. मराठवाडाभर हिंसाचार उसळला. खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. आजचा जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी हे सर्व एकत्र करून जालना जिल्हा निर्माण झाला. म्हणजे त्या पावसाळ्यात पेटलेल्या दोन्ही जिल्ह्यांचे भाग पुढे या एका जिल्ह्यात आले.

हा प्रश्न केवळ सवर्ण विरुद्ध दलित एवढ्या चौकटीत बसत नव्हता, म्हणूनच तो एसेम यांच्यासाठी अधिक अवघड होता. मराठवाडा या नावात निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याची आठवण आहे, असे मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्त्यांना वाटत होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे आदरणीय नेते नामांतराच्या विरोधात गेले. जनता पक्षातही एकवाक्यता नव्हती. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत हुकूमशाहीविरुद्ध लढलो, त्यांच्यापैकीच काहींच्या विरोधात उभे राहण्याचा हा प्रसंग होता.

हिंसाचारानंतर सरकारने ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. एसेम यांची भूमिका बदलली नाही. विधिमंडळाने एकमुखाने दिलेला शब्द जाळपोळीच्या धाकाने मागे घेतला तर तो लोकशाहीचाच पराभव ठरेल, असे त्यांचे मत होते. ते मराठवाड्यात फिरले, गावांत गेले, सभा घेतल्या. सभा उधळण्याचे प्रयत्न झाले, घोषणा झाल्या. त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घालण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली. त्यांनी तक्रार केली नाही आणि दौरा थांबविला नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांना लाखोंच्या सभांनी डोक्यावर घेतले होते, त्यांनाच त्या महाराष्ट्राच्या एका भागात असे स्वागत पत्करावे लागले. पर्वतीच्या पायऱ्यांवरचे दगड या ना त्या रूपाने पुन्हा समोर आले होते.

पुलोद सरकारने विद्यापीठाचे नाव बदलले नाही. सत्तांतर घडविणाऱ्या नेत्याचा शब्द त्या सत्तेने या बाबतीत पाळला नाही, ही नोंद एसेम यांच्या चरित्रात टाळता येत नाही.

जनता पक्षाचा शेवट व उत्तरायुष्य

केंद्रात जनता पक्ष दोन वर्षांतच फुटला. नेत्यांच्या महत्त्वाकांक्षा आणि जनसंघाच्या सदस्यांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते ही फुटीची मुख्य कारणे होती. १५ जुलै १९७९ रोजी मोरारजींनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परत आल्या. जालन्याची जागाही इंदिरा काँग्रेसकडे गेली. १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त करण्यात आले. जनता सरकारने १९७७ मध्ये ९ राज्यांत जे केले तेच या वेळी उलट दिशेने झाले. पहिल्या वेळी टाळ्या वाजविणाऱ्यांना दुसऱ्या वेळी तक्रार करणे जड गेले.

यानंतर एसेम पक्षीय राजकारणापासून हळूहळू दूर झाले. कामगार संघटना, विशेषतः संरक्षण खात्यातील कामगारांच्या संघटना, यांच्याशी त्यांचे जुने नाते होते. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळालाही त्यांचा पाठिंबा होता. राहणी अखेरपर्यंत साधी राहिली. पत्नी ताराबाई यांनी संसाराचा भार सांभाळला म्हणून हे सार्वजनिक जीवन शक्य झाले. १९३९ मध्ये विवाह झाला तेव्हापासून तुरुंगवास, भूमिगत जीवन आणि दौरे यांतच पतीचा काळ गेला होता.

अखेरची वर्षे कर्करोगाशी झुंजण्यात गेली. १ एप्रिल १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तोवर सुटलेला नव्हता. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. त्या वेळी मुख्यमंत्री शरद पवारच होते, पण पक्ष काँग्रेस होता. बाबासाहेब आणि मराठवाडा ही दोन्ही नावे त्यात राहिली. जालना जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

लेखन व स्मारके

मी एस. एम. हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. स्वतःच्या चुका व पक्षातील भांडणे त्यात मोकळेपणाने आली असल्याने समाजवादी चळवळीच्या अभ्यासकांना ते उपयोगी पडते. पुण्यातील नवी पेठेत एस. एम. जोशी सोशालिस्ट फाउंडेशनची वास्तू असून तेथील सभागृहात सामाजिक संस्थांच्या सभा व परिसंवाद होत असतात. हडपसर येथील रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.